बशीखालचा ग्लास

शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन फडताळातून ग्लास काढते. चोवीस ग्लास, सगळे एकाच घडणीचे. बुडाशी फुगीर, तोंडाशी आत वळलेले, २१५ मिलिलिटरचे. धुऊन पुसूनच ठेवलेले असतात, तरी प्रत्येकात नाक घालून बघितल्याशिवाय मी ते टेबलावर मांडत नाही. लाकडी फडताळाचा वास काचेत बसून राहतो, साबणाचा राहतो, पुसायच्या फडक्याचासुद्धा राहतो. मग पाच बाटल्या उघडायच्या आणि प्रत्येकीतली घोटभर ओतून हुंगायची. बूच बाधलेलं असेल तर वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतो. पावसात भिजलेलं दप्तर रात्रभर बंद खोलीत राहिलं की सकाळी यायचा, तसा. ती बाटली बाजूला जाते, तिच्या जागी दुसरी येते. तीनला दारावरची घंटा किणकिणते.

हे मी २०१७ पासून करते आहे. वाइनचं दुकान जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये, एका चढाच्या रस्त्यावर. हे शहर वाटीसारख्या खोलगट जागेत वसलंय आणि वाटीच्या कडांवर द्राक्षाचे मळे आहेत. शहराबाहेर नव्हे, शहरातच. मुख्य रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून मान वर केली तरी एक मळा दिसतो. गावात चारशेहून जास्त पायऱ्यांच्या वाटा आहेत, इथले लोक त्यांना ‘श्टेफेले’ म्हणतात. त्यातल्या कित्येक पूर्वी मळ्यात कामाला चढून जाण्यासाठी बांधलेल्या. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, हे मला इथे आल्यावर दुकानात येणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं. मुंबईत वाढलेल्या कुणाच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. अर्थात मी मुंबईची नाहीच. मी निफाड तालुक्यातली, द्राक्षवाल्याची मुलगी.

दुकानाच्या मालकीणबाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. मी आधी गिऱ्हाईक म्हणून जायचे, मग मालाच्या मोजणीच्या दिवसात मदतीला, मग नोकरीला. शनिवारचं टेस्टिंग त्यांनी माझ्यावर सोपवलं त्याला एक निमित्त झालं. एप्रिल २०१७ मध्ये इथे अवेळी कडाका पडला. वेलींना नुकते कोंब फुटले होते आणि एका रात्रीत ते काळे पडले. त्या शनिवारी एक मळेवाला बाटल्यांच्या पेट्या टाकायला दुकानात आला. त्याच्या जाकिटाला धुराचा वास येत होता. मी विचारलं, रात्री शेकोट्या पेटवल्या होत्यात का? तो माझ्याकडे बघतच राहिला. निफाडला जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की अण्णा आणि चुलते मध्यरात्री उठून बागेत शेकोट्या करायचे, मोटार चालू करून पाणी सोडायचे. मणी तडकू नयेत म्हणून. सकाळी त्यांच्या घोंगड्यांना हाच वास असायचा. हे मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. मालकीणबाई ऐकत होत्या. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, शनिवारी टेबलामागे तू उभी राहायचंस.

मला तेव्हा वाइनमधलं फारसं येत नव्हतं, आणि जे पुस्तकातून आलं ते जिभेवर बसत नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं असायचं, गूसबेरी, ब्लॅककरंट, एल्डरफ्लॉवर. यातलं काहीही मी लहानपणी झाडावरून तोडून खाल्लेलं नाही. वासाची ओळख आठवणीतून पटते. आठवणच नसेल तर नाव पाठ करून काय उपयोग? एका शनिवारी मालकीणबाईंनी बारा वर्षं जुनी रिस्लिंग, इथली एक पांढरी वाइन, उघडली. सगळे म्हणाले, पेट्रोल. मी हुंगली आणि माझ्या डोळ्यांसमोर रेशनच्या रांगेत धरलेला निळा कॅन आला, आईचा स्टोव्ह आला, काकडा विझवल्यावरचा धूर आला. रॉकेल! रिस्लिंगच्या सालीत उन्हाने जी द्रव्यं साठतात त्यांच्यापासून बाटलीत वर्षानुवर्षं हळूहळू एक घटक तयार होतो, त्याचा हा वास. जाणकार त्याला मान देतात. त्या दिवसापासून मी पाठांतर सोडलं. जे आठवेल तेच नाव द्यायचं, आणि समोरच्यालाही तेच विचारायचं: तुम्हाला कशाची आठवण येते? निवृत्त ट्रामचालक आजोबा एकदा बराच वेळ गप्प राहून म्हणाले, आमच्या शाळेच्या तळघरातली सफरचंदं. वाइनचं वर्णन म्हणून मला आजवर यापेक्षा चांगलं कुणी दिलेलं नाही.

या बाबतीत मराठीने मला जी मदत केली, ती मी विसरणार नाही. आपल्याकडे दुसरी-तिसरीतलं पोरही सहा चवी घडाघडा म्हणतं: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. सहावी जी आहे, तुरट, तिला इथे रोजच्या बोलण्यात नीट जागाच नाही. त्यामुळे टेबलाशी दर शनिवारी एक घोटाळा होतो. पुण्याहून आलेलं एक जोडपं, दोघंही इथे मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, पहिल्यांदा आलं तेव्हा तिने विचारलं, “ड्राय वाइन म्हणजे जिने तोंड कोरडं पडतं ती ना?” जर्मन गिऱ्हाइकंही हेच विचारतात, कारण त्यांचा शब्दही ‘कोरडी’ असाच आहे. मी तिला म्हटलं, “नाही. ड्राय म्हणजे जिच्यात साखर उरलेली नाही. द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर यीस्टने खाल्ली, एवढंच. तोंड कोरडं पडतं ते तुरटपणाने. सालीतून आणि बियांतून येतो तो. अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी जड होते?” तिने पुन्हा एक घोट घेतला, जीभ टाळूला लावून बघितली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, “अरे, सुपारी!” तिला कळलं. दोन मिनिटांत कळलं, कारण शब्द तिच्याकडे आधीपासून होता.

आंबटपणाचंही तसंच. चिंचेचं नाव काढलं तरी ज्याच्या तोंडाला पाणी सुटतं त्याला वाइनमधला आम्लपणा वेगळा शिकवावा लागत नाही. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना किती पाणी सुटतं, किती वेळ सुटत राहतं, ते मोजायचं. झालं.

टेस्टिंगची बाकीची रीत साधी आहे. हलकीपासून भारीकडे जायचं, ड्रायकडून गोडाकडे, आधी पांढऱ्या मग लाल. एका ग्लासात पन्नास मिलिलिटर, म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीत पंधरा माणसं होतात. उन्हाळ्यात लाल वाइनही जरा वेळ फ्रिजमध्ये ठेवते, कारण तापलेल्या खोलीत दारूची झिणझिण वर येते आणि फळाचा वास मागे पडतो. पाव, पाणी. आणि टेबलाच्या टोकाला एक चिनी मातीचं खोलगट भांडं, थुंकण्यासाठी.

त्या भांड्याने मला फार छळलं. तोंडात घेतलेलं थुंकायचं? जेवताना शीत सांडलं तर बोटाने टिपून खायला लावणाऱ्या घरात मी वाढले. पानात टाकलं तर आजी म्हणायची, शेतकऱ्याने ते डोक्यावरून वाहून आणलंय. पहिले काही शनिवार मी थुंकले नाही आणि सहाला दुकान बंद करताना माझं डोकं दुखत असायचं. अखेर मालकीणबाईंनी समजावलं की दिवसभर पंधरा-वीस वाइन नीट ओळखायच्या तर शुद्ध जागेवर हवी, आणि शुद्ध जागेवर ठेवणं हाच वाइन करणाऱ्याचा मान. मला ते पटलं. तरी आजही भांडं रिकामं करताना मी नळ आधी सोडते, मग ओतते.

खाण्याचे प्रयोग मी माझ्या हट्टाने सुरू केले. इथे शरदात अर्धी आंबलेली नवी वाइन येते, ढगाळ, फसफसणारी. तिचं झाकण घट्ट लावत नाहीत, नाही तर बाटली फुटेल. पिशवीत उभीच धरून न्यावी लागते. तिच्यासोबत कांद्याचा जाड खारा केक खातात. मला तो खाताना कांद्याच्या थालीपिठाची आठवण झाली, म्हणून एका ऑक्टोबरात थालीपीठ लावून नेलं. संपलं. मग धीर आला आणि मी हिरव्या मिरचीचा ठेचा नेला, आणि तिथे चांगलाच धडा मिळाला. ठेच्यासोबत कडक लाल वाइन दिली तर जिभेवर आग दुप्पट होते आणि तुरटपणा कडवट होतो. दोघी एकमेकींना चिडवतात. त्याच ठेच्यावर थोडी साखर राखलेली, कमी दारूची रिस्लिंग दिली की तिखटाला कुणीतरी हात धरून खाली बसवल्यासारखं होतं. आता दिवाळीच्या आधीच्या शनिवारी चकली आणि रिस्लिंग हे ठरलेलं आहे. ट्रामवाले आजोबा तारीख विचारून ठेवतात. त्यांच्याकडून कौतुकाचा शब्द मात्र कधी येत नाही. इथल्या श्वाबी लोकांची म्हणच आहे की शिव्या दिल्या नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं. निफाडात ही म्हण नाही, पण माणसं अशीच आहेत, त्यामुळे मला इथे परकं वाटलं नाही.

परकं वाटलं नाही, आणि तरी वर्षभर मी घरी खरं सांगितलं नव्हतं. अण्णांना वाटत होतं मी किराणा दुकानात आहे.

अण्णा माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकीचा उपास, दारूचा थेंब नाही. पण मी गप्प राहिले ते माळेमुळे नव्हे. माळ त्यांची होती, त्यांनी ती कधी आमच्या गळ्यात घातली नाही. मी गप्प राहिले ते शिराझमुळे.

२००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष-प्रक्रियेचं धोरण आणलं. वाइन बनवणाऱ्यांना करात सवलती मिळाल्या, आमच्या जवळ विंचूरला आणि तिकडे सांगलीत पलूसला वाइन पार्क उभे राहिले. गावोगाव सभा झाल्या. टेबलावर खायच्या द्राक्षाला भाव मिळेलच असं नाही, एक्स्पोर्टचा माल नाकारला जाईल याची धास्ती वेगळी. वाइनच्या द्राक्षाचा दहा वर्षांचा करार, ठरलेला दर. अण्णांनी २००५ मध्ये दोन एकर शिराझ लावली. डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या बुंध्यावर, कलमं बांधली, तारा ओढल्या, कर्ज काढलं. खाण्याच्या बागेत एकरी दहा-बारा टन माल काढणाऱ्या माणसाला वायनरीच्या माणसाने सांगितलं, एकरी चार-पाच टनांवर जाऊ नका, नाही तर रस पातळ होईल. अण्णांनी घडांवर कात्री चालवली. चांगले घड खाली टाकताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला आठवतं. सुरुवातीला पैसे वेळेवर आले.

मग २००८ ची मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप बसला. टाक्या भरलेल्या राहिल्या. २०१० च्या फेब्रुवारीत आमची शिराझ पिकून उभी होती आणि करार करणाऱ्या वायनरीने माल उचलला नाही. आधीच्या वर्षाचे पैसेही थकलेले. वाइनचं द्राक्ष बाजारात नेता येत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बेदाणाही होत नाही. त्याला दुसरं गिऱ्हाईकच नसतं. पंधरा दिवस अण्णा रोज सकाळी बागेत जाऊन एक मणी तोंडात टाकून यायचे. मग मणी सुरकुतायला लागले, माश्या आल्या, आणि एका दिवशी मजूर लावून सगळे घड तोडून बांधाला टाकले. गोड-आंबूस वास घरापर्यंत यायचा. त्या पावसाळ्यात त्यांनी वेली वरून कापल्या आणि त्याच खुंटांवर थॉमसन या खायच्या द्राक्षाची कलमं बांधली. नाशिक जिल्ह्यात तेव्हा अनेकांनी हेच केलं.

अशा माणसाला मी फोनवर काय सांगणार होते? की मी वाइन विकते?

शेवटी आईने सांगून टाकलं. अण्णांचा फोन आला. म्हणाले, “ताई, दुकान कुणाचं आहे?” मी सांगितलं. “पगार वेळेवर देतात का?” “देतात.” “बरं.” एवढंच. पण त्यानंतर दर आठवड्याला ते विचारायला लागले: या शनिवारी काय उघडलंस? कुठल्या गावचा माल? पाऊस किती होता तिकडे?

२०१९ च्या ऑक्टोबरात अण्णा आणि आई आले. ऑक्टोबर म्हणजे बागेत छाटणीचे दिवस, त्यामुळे अण्णा घर सोडायला तयार नव्हते. भावाने विडाच उचलला तेव्हा निघाले. इकडे वेलीची छाटणी एकदाच, ऐन थंडीत, वेल झोपलेला असताना होते. आपल्याकडे हिवाळा वेलीला झोपवण्याइतका कडक नसतो, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी अशी दोनदा कात्री लावून आपण तिला वर्ष मोजायला शिकवतो. हे मी मळेवाल्याला सांगितलं होतं, तेव्हापासून तो म्हणत होता, वडील आले की घेऊन ये.

त्याचा मळा तीव्र उतारावर, दगडी बांधांच्या पायऱ्यांवर आहे. चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून केलेले बांध. यंत्र तिथे चढतच नाही, सगळं हाताने. अण्णा पायऱ्या चढले, एका बांधाला हात लावला आणि म्हणाले, “ताई, विचार त्यांना, ढासळला तर कोण रचतं?” मळेवाला म्हणाला, मीच. वडिलांनी शिकवलं. अण्णांनी मान हलवली. मग ते वेलीपाशी उकिडवे बसले, बुंध्यावरचा कलमाचा सांधा बोटाने चाचपला आणि पुढचा प्रश्न आला, “खुंट कोणता?” मी शब्दांची उलथापालथ करून जर्मनमध्ये विचारलं. उत्तर आलं, कोबर फाइव्ह बीबी. अण्णांना ते नाव माहीत नव्हतं, पण ते अमेरिकी जातींच्या वंशातलं आहे म्हटल्यावर चेहरा उजळला. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपातले मळे मुळापासून खाल्ले. तेव्हापासून इथे वर द्राक्ष युरोपचं आणि खाली मूळ अमेरिकेचं. आपला डॉगरिजही तिकडचाच, टेक्सासचा. आमच्याकडे तो खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून आला.

तोडणी ट्रोलिंगरची चालली होती. अण्णांनी घड हातात घेऊन तोलला. मोठा, सैलसर, टपोऱ्या मण्यांचा घड. म्हणाले, “हा तर खायचा माल आहे!” आणि ते शंभर टक्के बरोबर होते. ट्रोलिंगर हे मुळात खाण्यासाठीही लावलं जाणारं द्राक्ष आहे. लंडनजवळच्या हॅम्पटन कोर्ट राजवाड्यात १७६८ साली लावलेला जो प्रसिद्ध जुना वेल आहे, तो याच जातीचा. इथे जन्मभर ट्रोलिंगर पिणाऱ्या पुष्कळांना हे माहीत नसतं. अण्णांनी खिशातून रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. निफाडहून विमानाने आणलेला, रुमालात गुंडाळलेला. एक मणी काचेवर चुरडला, डोळ्याला लावला. “अठरा ब्रिक्स.” मळेवाल्याने आपल्या यंत्रातून बघितलं, त्याचं माप वेगळं, फर्डिनांड उक्सले या इथल्याच सोनारकी शिकलेल्या कारागिराच्या नावाचं. “चौऱ्याहत्तर उक्सले.” मी मोबाइलवर हिशेब केला. चौऱ्याहत्तर उक्सले म्हणजे अठरा ब्रिक्स. दोघांनी एकमेकांची यंत्रं अदलाबदल करून पुन्हा बघितलं. त्यांना आता माझी फारशी गरज नव्हती.

त्या शनिवारी अण्णा दुकानात आले. आई घरीच थांबली, तिला भाषेची दगदग नको होती. मी अण्णांसाठी ट्रोलिंगरचाच ताजा रस आणून ठेवला होता. ते भिंतीपाशी स्टुलावर बसले, टोपी मांडीवर ठेवून. मी पाच वाइन ओतल्या. लोक आले, पुण्याचं जोडपं आलं, त्या मुलीने अण्णांना वाकून नमस्कार केला. मी केर्नर ओतताना सांगत होते की हे द्राक्ष जवळच्या वाइन्सबेर्गच्या कृषिसंस्थेत १९२९ मध्ये ट्रोलिंगर आणि रिस्लिंगच्या संकरातून तयार झालं आणि तिथल्याच एका कवी-डॉक्टरचं नाव त्याला दिलं. तेवढ्यात अण्णा मागून म्हणाले, “मलाही ग्लास दे.”

मी थबकले. ते म्हणाले, “प्यायचा नाही. वास घ्यायला माळेची ना नाही.”

पाचही वाइन त्यांनी हुंगल्या. घाई नाही. ग्लास फिरवायचं मी शिकवलं नव्हतं, त्यांनी रसाच्या पेल्यासारखा आपणहून फिरवला. केर्नरला म्हणाले, “फुलोऱ्यातली बाग.” द्राक्षाच्या फुलोऱ्याला अगदी मंद, गोडसर वास असतो. बागेत पहाटे उभं राहिलेल्या माणसालाच तो माहीत असतो. त्यांचं बोलणं मी जर्मनमध्ये सांगितलं तेव्हा मळेवाला, जो त्या दिवशी आपल्या बाटल्यांसोबत आला होता, ग्लास परत नाकाला लावून कितीतरी वेळ उभा राहिला. लेमबेर्गर नावाची गडद लाल वाइन होती, तिला अण्णा म्हणाले, “हा झोपलेला आहे. काही बोलत नाही.”

मग दोघं बोलायला बसले आणि मी मधे. पाऊस, औषधं, डावण्या, भुरी. दोघांकडेही त्याच बुरशा, नावं वेगळी. पोरं शेतीत येतात का? मळेवाल्याची मुलगी येणार नाही म्हणाली होती. अण्णांचा मुलगा आहे, पण त्याला मुलगी द्यायला लोक काचकूच करतात. हे मी मळेवाल्याला समजावू शकले नाही, नुसतं सांगितलं. शेवटी अण्णांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ते आले होते असं मला आता वाटतं.

“विचार त्यांना, वाइनवाले पैसे वेळेवर देतात का?”

मळेवाला म्हणाला की थोडी द्राक्षं तो स्वतःच्या बाटल्यांसाठी ठेवतो, बाकीची सहकारी संस्थेला घालतो. या भागात बहुतेक छोटे मळेवाले असंच करतात. पैसे एकदम मिळत नाहीत. एक हप्ता तोडणीनंतर, मग मधे एक-दोन, शेवटचा तर दुसऱ्या वर्षी. त्याच्या बोलण्यात तक्रार होती. अण्णांना हप्ते सांगावे लागले नाहीत. ऊस कारखान्याला घालणारे आमचे सगळे नातलग हप्त्यांवरच जगतात. त्यांनी फक्त विचारलं, “पण मिळतात?”

“मिळतात.”

“मग चांगलं आहे,” अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, जरा हळू, “मग चांगलं आहे.” मी ते दुसऱ्यांदा भाषांतरित केलं नाही.

सहाला मी आवरायला लागले. ग्लास गोळा करताना लेमबेर्गरच्या ग्लासाकडे हात नेला तर अण्णा म्हणाले, “तो राहू दे.” त्यांनी कॉफीच्या कपाखालची बशी घेतली आणि ग्लासावर पालथी घातली. घरी पिण्याच्या पाण्याच्या तांब्यावर ठेवतात तशी. “परवा बघू.”

रविवारी इथे दुकानं बंद असतात. सोमवारी सकाळी ते माझ्यासोबत चढ चढून आले, कोट न काढता टेबलापाशी गेले, बशी उचलली. हुंगला. माझ्याकडे ग्लास दिला. शनिवारी जो नुसता बंद दारासारखा होता त्यात काळी मिरी आली होती, पिकलेल्या जांभळाचा गर आला होता, आणि तळाशी जरासा धूर. हवा लागल्याने काही लाल वाइन दीड-दोन दिवसांत अशा उलगडतात, हे मला माहीत होतं. मी ते वाचलं होतं, लोकांना सांगतही होते. पण दर शनिवारी सहाला उरलेलं सगळं ओतून टाकत होते, थांबून कधी बघितलं नव्हतं.

“उठला,” अण्णा म्हणाले.

ते त्या महिन्याच्या शेवटी परत गेले. नंतर साथ आली, दीड-दोन वर्षं शनिवार बंद पडले, मग हळूहळू सुरू झाले. ट्रामवाले आजोबा आता काठी घेऊन येतात. टेबलावर ठेवायच्या चिठ्ठ्यांवर मी पूर्वी सगळ्यात वर द्राक्षाची जात लिहायचे. आता आधी उताराचं नाव लिहिते, मग मळेवाल्याचं, मग त्या वर्षी पाऊस कधी पडला ते, आणि जात त्याच्याखाली. पुण्याच्या जोडप्याला मुलगा झाला आहे. तो स्टुलावर बसून द्राक्षाचा रस पितो आणि प्रत्येक ग्लासात नाक घालू द्या म्हणून हट्ट करतो. मी घालू देते.

आणि दर शनिवारी सहाला, सगळे ग्लास धुऊन झाल्यावर, एक ग्लास टेबलावर ठेवते आणि त्यावर बशी पालथी घालते. कुठला ठेवायचा ते त्या दिवशी ठरतं. बहुतेक वेळा जो कुणालाच आवडला नाही, तो.

सोमवारी फोन येतो. तिकडे तेव्हा दुपार असते, अण्णा जेवून ओसरीवर बसलेले असतात. मागच्या सोमवारीही आला.

“काय म्हणतोय?”

“लेमबेर्गर ठेवला होता. दुसऱ्या उताराचा. शनिवारी नुसता आंबट होता. आज थोडा सुटलाय. मिरी नाही, पण ओली माती आहे.”

“झाकला होतास ना नीट?”

“हो.”

“इकडे सबकेनची शेंडाखुडी उरकली. पाऊस अजून नाही. पण काड्या बऱ्या आहेत,” ते म्हणाले. “शिराझच्या तुकड्यात तर सगळ्यात जोमदार.”